पंखा मीच हळू केला होता

आई,

तुला आधी लॅपटॉप म्हणजे काय ते सांगते. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते आणि कॉम्प्युटर फक्त आमच्या शाळेच्या त्या कुलूपवाल्या रूममध्ये होते. बूट बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. आता तोच कॉम्प्युटर फुलस्केप वहीएवढा झालाय. मिटतो, पिशवीत जातो, मांडीवर घेऊन बसता येतं. आणि त्याच्या पोटात, डाव्या कडेला, एक पंखा असतो. खरंच. मारी बिस्किटाएवढा, काळा, बारीक बारीक पात्यांचा. मी पहिल्यांदा स्क्रू काढून तो बघितला ना, तेव्हा डोक्यात पहिलं हेच आलं की आईला दाखवायला पाहिजे. तू चष्मा कपाळावर सरकवून, तो नाकाजवळ धरून म्हणाली असतीस, "ह्याची मोटर भरतो कोण गो? मुंगी?"

आज रविवार आहे. बाबा खाली पेपर आणायला गेलेत, म्हणजे कट्ट्यावर अर्धा तास गप्पा मारून येतील. मी सकाळपासून चौथ्यांदा हे लिहायला बसतेय. बसते, दोन ओळी लिहिते, उठते, फ्रिज उघडते, काहीच न घेता बंद करते, गॅलरीत जाऊन समोरच्या विंगच्या खिडक्या बघते. आठ दिवस हेच चाललंय. जेवताना पाय हलतो माझा, बाबा ओरडतात, "अगं टेबल हलतंय." तुला एक गोष्ट सांगायचीये. तुझ्याबद्दल मी एक गोष्ट बोलून बसलेय बाहेर, आणि ती तुला माहीत असायला पाहिजे. पण ती सरळ सांगितली तर कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून.

मी भाईंदर ईस्टला, केबिन रोडच्या एका गल्लीत, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत कामाला आहे. बीकॉम झाले, मग एडिटिंगचा कोर्स केला. बाबांना अजून वाटतं मी बँकेची परीक्षा देईन. लोकांच्या लग्नाच्या आठ-नऊ तासांच्या कॅसेटी असतात, त्या कापून, गाणी टाकून, हार घालतानाचं स्लो मोशन वगैरे करून मी तीन तासांची डीव्हीडी बनवते. स्टुडिओत आम्ही तिघं. शेठ, जे कॅमेरा चालवतात, गिऱ्हाईक बघतात आणि दर अर्ध्या तासाने वैतागतात. मी. आणि बाजी, म्हणजे ताई, जी अल्बम डिझाईन करते. बाजी माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, नया नगरला राहते, दोन मुलं आहेत, नवरा नाही म्हटलं तरी चालेल असा आहे. सगळं घर तिच्या ह्या कामावर. दुपारी आम्ही डबा एकत्र खातो. तिच्या डब्यातलं मी खाते आणि माझ्यातलं ती, म्हणजे फायदा माझाच. तुझ्याबद्दल तिला सगळं माहितीये. मी सांगितलंय.

स्टुडिओत एकच लॅपटॉप. सकाळी बाजी त्याच्यावर अल्बम करायची, दुपारी मी एडिटिंग, आणि संध्याकाळी शेठ मला तो घरी न्यायला द्यायचे, कारण काम कधी वेळेत संपतच नाही. त्याचा पंखा असा आवाज करायचा की काय सांगू. मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यासारखा. शेठ गिऱ्हाईकाशी फोनवर बोलता बोलता ओरडायचे, "मॅडम, आटा चक्की चालू हो गयी क्या?" मला ते लागायचं. म्हणजे, पंख्याची लाज मला कशाला वाटायला पाहिजे, पण वाटायची. मी आधी तो उघडला, ब्रशने साफ केला. आत जाळीवर धुळीचा एवढा जाड थर होता की तो चिमटीत धरून कापडासारखा उचलला. आवाज थोडा उतरला, गेला नाही, पण शेठ खूश. गिऱ्हाईकासमोर म्हणाले, "हमारी मॅडम इंजीनियर है." मी इंजिनियर नाहीये, आई, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत होते.

मग मला नादच लागला. इंटरनेटवर, म्हणजे ते पण आता सांगायला पाहिजे, जाऊ दे, तिथे जगभरातली माझ्यासारखी येडी लोकं एकमेकांना सांगत असतात की लॅपटॉप थंड कसा ठेवायचा, पंखा कसा कंट्रोल करायचा. तिथून मी एक छोटंसं सॉफ्टवेअर घेतलं. ते टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, आतलं टेम्परेचर. पन्नास, बावन्न, हिरवा. सत्तरच्या वर गेला की पिवळा. नव्वदला लाल. आणि पंख्याला शून्य ते सात अशा लेव्हल. मशीनवर सोडलं तर ते स्वतःच ठरवतं कधी जोरात फिरायचं ते. पण आपण म्हटलं की नाही, मी ठरवणार, तर ते ऐकतं. सीलिंग फॅनचा रेग्युलेटर असतो ना, तसंच, फक्त तो माझ्या हातात. मी लेव्हल दोन केली आणि घरात एकदम अशी शांतता झाली की बाबा पेपरातून वर बघून म्हणाले, "बंद पडला काय गं?" मी म्हटलं, "नाही बाबा, चालू आहे. ऐका." ते म्हणाले, "काय ऐकू?" मी म्हटलं, "तेच तर!" मला इतका आनंद झाला होता. मी आकडा बघत बसायचे. काम राहिलं बाजूला. चौसष्ट, पासष्ट, पासष्ट, चौसष्ट. टेबलावर ठेवला की चौसष्ट, उशीवर ठेवला की एकाहत्तर, खाली दोन डबे लावून उचलून धरला की एकसष्ट. एक-दोन पॉईंटच्या फरकासाठी मी डब्यांच्या साईझ बदलायचे. तुझीच मुलगी.

कारण तू पण असंच करायचीस. मला आठवतंय. मे महिन्याच्या सुट्टीत घरी ठेवायला कुणी नाही म्हणून तू मला गाळ्यावर न्यायचीस. इंडस्ट्रियल इस्टेटचा तो लांबच लांब पॅसेज, मशीनऑइलचा वास, आणि शेवटच्या गाळ्यात तुम्ही सहा-सात बायका, जळून आलेल्या पंख्यांच्या मोटरी परत भरायला बसलेल्या. तांब्याची तार तू अशी ओढतेस की जशी वेणी घालतेस, ताणून पण तुटू न देता. मी एका खोक्यावर बसून माझा इंग्लिशचा हॉलिडे होमवर्क करतेय, आणि करत नाहीये. समोर टेबलावर पाती नसलेले पंखे टेस्टिंगला फिरतायत आणि तू एकेकाच्या पाठीवर तळहात ठेवून तोंडातल्या तोंडात आकडे मोजतेस. दहापर्यंत हात राहिला तर पास. आधीच काढावा लागला तर उघडायचा. गाळा बघणाऱ्या मास्तरांकडे मीटर होतं, पण ते सुद्धा तुला बोलवायचे, "हात लाव गं जरा." एके दिवशी मी पेन्सिल घेतली आणि एका फिरणाऱ्या मोटरच्या दांड्याला लावली. बघायचं होतं थांबते का. थांबली. घूंऽऽ असा बारीक आवाज करत थांबून राहिली, आणि मी पेन्सिल दाबून धरली, जिंकल्यासारखी. तू कुठून आलीस कळलंच नाही. असा धपाटा घातलास पाठीत. "फिरायचंय तिला, आणि तू धरून ठेवतेस? आतल्या आत जळते ती! दिसत नाही तुला!" सगळ्या बायका बघायला लागल्या. मला माराचं काही नव्हतं, पण तू "जळते ती" असं म्हणालीस, जणू ती मोटर कुणीतरी बाई आहे, त्याचं मला हसू आलं आणि त्यासाठी अजून एक बसला.

आणि दोऱ्याचं. ते आठवून आठवून मी ह्या आठवड्यात अर्धी झालेय. तुम्ही प्रत्येकीने भरलेल्या कॉईलला स्वतःच्या रंगाचा दोरा बांधायचा असं होतं. तुझा हिरवा. म्हणजे पंखा परत जळून आला की मास्तर उघडून बघणार, कुठला दोरा आहे, आणि ती बाई तो परत भरून देणार, शिवाय सगळ्यांसमोर ऐकून घेणार. एकदा असा एक आला आणि तो उघडायला नेमका तुझ्याच हातात दिला. मास्तर बाहेर चहाला. मी खोक्यावरून बघतेय. तू झाकण काढलंस, आत काळं झालेलं सगळं, आणि त्यात तो हिरवा दोरा, अर्धा जळलेला. ओढला असता तर निघाला असता. तू बोट लावलंसही त्याला. मग बोट काढलंस आणि मास्तर आल्यावर म्हणालीस, "माझा हाय." घरी आल्यावर मात्र कांदा चिरताना तुझं चालू झालं, "उगाच बोलले. गप बसले असते तर काय मास्तरला कळणार होतं? त्या लालवाल्या बाईने किती वेळा काढून टाकलाय." मी म्हटलं, "मग तू पण काढायचा ना." तू सुरी थांबवून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता मार. तू म्हणालीस, "सुचलं होतं गो मला पण," आणि खूप हसलीस, डोळ्यातून पाणी येईपर्यंत, ते कांद्याचं होतं की कशाचं देव जाणे.

तर आता त्या बुधवारचं. घरी लेव्हल दोन, पण स्टुडिओत मी पंखा परत मशीनवर सोडायचे, कारण तिथे मोठी कामं असतात आणि शेठना कळलं तर उगाच प्रश्न. एवढी अक्कल होती मला. पण त्या बुधवारी मी एक लग्न डीव्हीडीसाठी बनवायला लावलं. हे काम एकदा चालू केलं की सहा-सात तास मशीन एकटंच करत बसतं, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त तापतं. एसी फुल चालू होता. मला वाटलं, बघूया ना. एवढ्या थंडीत, एवढ्या कामाला, लेव्हल दोन पुरते का. बारा वाजता मी दोन केली. आकडा वर गेला, सत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, आणि तिथे थांबला. वीस मिनिटं अठ्ठ्याहत्तरच. आई, मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होते. एवढं मोठं काम आणि आवाज शून्य! स्क्रीनची गरमी पण नको म्हणून मी झाकण मिटलं, मिटलं तरी काम चालू राहील असं सेटिंग मी आधीच करून ठेवलं होतं. आणि स्टेशनजवळ कोऱ्या डीव्हीडी आणायला गेले. बाहेर इतकं ऊन होतं की रिक्षाची सीट चटका देत होती. मी खुशीत गेले.

शेठ दीड वाजता जेवायला घरी जातात आणि जाताना एसी बंद करतात. रोज. मला माहीत होतं. रोज मी त्या वेळी तिथेच असते आणि घाम पुसत बाजीबरोबर डबा खाते, तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त अठ्ठ्याहत्तर होतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाजीची सवय. आमचं दार रस्त्यालगत, धूळ एवढी येते की विचारू नकोस, म्हणून जुन्या मरून मखमलीच्या पडद्यातून, तो नवरा-नवरीच्या मागे लावायचा असतो तो, बाजीने सगळ्या मशीनना कव्हरं शिवलीयत. काम बंद झालं की ती एकेका मशीनवर कव्हर घालते, लहान मुलावर चादर घालावी तसं, आणि मग डबा उघडते. त्या दिवशी तिने लॅपटॉप मिटलेला बघितला. कान दिला. काही नाही. तिने कव्हर घातलं, खालून नीट दुमडून.

मी परत आले तेव्हा पावणेचार झाले होते, डीव्हीडीसाठी तीन दुकानं फिरावी लागली. दार उघडल्या उघडल्या वास आला. तुझ्या साडीला यायचा ना, संध्याकाळी गाळ्यावरून आलीस की, तापलेल्या वार्निशचा, तसलाच काहीतरी. मी मखमल उचलली तर ती इस्त्री केल्यासारखी गरम. वर तळहात ठेवला. तीनपर्यंत पण नाही राहिला, आई. झाकण उघडलं तर काळी स्क्रीन. बटण दाबलं, दिवा लागला, स्क्रीन काळीच. बाजी मागून म्हणाली, "क्या हुआ रे?" आणि मी म्हटलं, "पता नहीं." मला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी रिपेअरवाल्याने सांगून टाकलं की स्क्रीनवर चित्र पाठवणारी चिप गरमीने सुटलीये, बोर्ड गेला, काही होणार नाही. कॅसेटी होत्या म्हणून लग्न वाचलं, पण लॅपटॉप संपला. शेठनी स्टुडिओत येऊन आधी एसीच्या रिमोटवर राग काढला आणि मग विचारलं, "ढका किसने?"

बाजी म्हणाली, "मैंने ढका. बंद था सेठ."

"बंद था? अंदर सात घंटे का काम चल रहा था और बंद था?"

"आवाज ही नहीं था. कसम से. मैंने कान लगाया."

शेठ हसले, ते वाईट हसले. "दो साल से मेरा कान खा रहा है ये मशीन. गली के नुक्कड़ तक सुनाई देता है. और उसी दिन चुप बैठ गया? तुम्हारे लिए?"

बाजीने माझ्याकडे बघितलं. तिने आरोपाने बघितलं असं मी म्हणत नाही, तिला काहीच माहीत नव्हतं. ती मदतीसाठी बघत होती, की मी मशीनवाली आहे, मी सांगेन असं कसं होऊ शकतं ते. आणि मी कोऱ्या डीव्हीडीच्या पुड्याचं प्लास्टिक काढत राहिले. शेठ म्हणाले, "इस हफ्ते का अल्बम पूरा करो, फिर मंडे से मत आना." बाजी तिच्या जागेवर जाऊन बसली आणि कात्रीने फोटोच्या कडा कापायला लागली, इतक्या सरळ, हात हलला पण नाही तिचा.

शुक्रवार मी कसा काढला मला माहीत नाही. डबा आम्ही एकत्रच खाल्ला. तिने माझ्यासाठी शामी कबाब आणले होते आणि वर म्हणाली, "खा ले, मंडे से तेरे को कौन खिलाएगा." घरी आले तर बसवेना. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस तर तुला काढतील." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग बँकेची परीक्षा तरी देशील." हा बाबांचा जोक होता की नाही ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. थोड्या वेळाने उठून जाताना म्हणाले, "तिची दोन पोरं आहेत म्हणालीस ना?" बस. एवढंच.

शनिवारी दुपारी शेठ काउंटरवर कॅसेटी लावत होते, बाजी मागे अल्बमला शेवटचं पान चिकटवत होती. मी जाऊन उभी राहिले.

"सेठ, बाजी सच बोल रही है. आवाज नहीं था."

"तेरे को क्या मालूम? तू तो मार्केट गयी थी."

"पंखा मैंने धीमा किया था. सॉफ्टवेअर से. जोर से घूमने ही नहीं दिया उसको. और ढक्कन बंद करके काम चालू छोड़ा. बाजी को पता चल ही नहीं सकता था."

शेठच्या हातातली कॅसेट हातातच राहिली. "क्या मतलब धीमा किया?" मी परत सांगितलं. लेव्हल, आकडे, सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते अगदी हळू, खरंच न कळल्यासारखं म्हणाले, "पर क्यूँ किया?"

आणि आई, इथे मी अडकले. खरं उत्तर एवढंच होतं, की मला आवडत होतं. मला बघायचं होतं जमतं का. मी बारा वाजता, पूर्ण शुद्धीत, मजा म्हणून केलं. दुसऱ्याच्या लाखमोलाच्या मशीनवर, दुसरीच्या नोकरीवर, मी पेन्सिल लावून बघत होते. हे एक वाक्य मला बोलता नाही आलं. त्याऐवजी माझ्या तोंडातून आलं, "घर पे मम्मी बीमार है. आवाज सहन नहीं होता उनको. इसलिए घर पे धीमा करती हूँ. उस दिन वापस बदलना भूल गयी."

मी हे ठरवून आणलं नव्हतं, शपथ. ते आतून तयारच आलं, कारण ते खोटं नव्हतं, फक्त अकरा वर्षं जुनं होतं. तुला तो ताप आला तेव्हा भाईंदरच्या त्या खोलीत तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि म्हणालीस, "पंखा बंद कर गो बाय, आवाज डोक्यात जातोय." तो पंखा तू स्वतः भरलेला. मे महिना, वर पत्रा, तुझा परकर घामाने भिजलेला. मी बंद केला. परीक्षेच्या पॅडने वारा घालत बसले, मग हात दुखायला लागले, तुला झोप लागलीये असं बघून मी हळूच उठले आणि रेग्युलेटर एकवर ठेवला. फक्त एकवर. पाती मोजता येतील इतका हळू. तू डोळे पण उघडले नाहीस. म्हणालीस, "एकवर ठेवलास ना." मी परत बंद केला. तिसऱ्या दिवशी तुला हॉस्पिटलला नेलं आणि डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की ताप मेंदूत गेलाय.

शेठनी कॅसेट खाली ठेवली. त्यांचा आवाजच बदलला. "क्या हुआ मम्मी को?"

"बुखार."

"अरे तो पहले बोलना चाहिए था ना. छुट्टी लेनी चाहिए थी. पागल लड़की." मग बाजीकडे न बघता म्हणाले, "मंडे को टाइम पे आना." आणि मला म्हणाले की मशीन आता घरी जाणार नाही, आणि नवीन आलं की त्याच्या आत काही करायचं नाही, एक स्क्रू पण नाही. मी मान हलवली. दुसरं कुणी असतं तर मला काढलंच असतं. तुझ्यामुळे राहिले.

बाजी मागे उभी राहून सगळं ऐकत होती, हातात डिंकाचा ब्रश. तिला माहितीये तू नाहीस. शेठ गेल्यावर जवळ आली आणि माझा कान पकडला, चांगला पिळला. "मेरे लिए मुँह खोला, वो ठीक. दो दिन बाद खोला, वो भी देख लूँगी. पर अम्मी को बीच में क्यूँ लायी?" मी म्हटलं, "निकल गया." ती म्हणाली, "निकल गया," माझी नक्कल करत, आणि मग कान सोडून तिथेच हात ठेवला गालावर थोडा वेळ. सोमवारी शेठसमोर, सरळ चेहऱ्याने, मलाच विचारते, "अम्मी का बुखार उतरा?" शेठ लगेच, "हाँ, कैसी हैं?" मी म्हटलं, थोडं कमी आहे.

मंगळवारी शेठनी मला दुपारीच सोडलं. "जा, मम्मी के पास बैठ." आता मी कुठे जाऊ? घरी तर रिकामं घर. मी उत्तनची बस पकडली आणि चौक गावाला उतरून किनाऱ्यावर बसले. एक कोळीण सुकवलेली मासळी उलटत होती. दोनदा माझ्याकडे बघून तिने विचारलं, "कुनाकडं आलीस गो?" मी म्हटलं, कुणाकडे नाही, अशीच. ती म्हणाली, "अशीच कोन उन्हात बसतंय? घरी आय न्हाय काय?" मला एवढंच जमलं, की उठून बस स्टॉपवर आले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एवढं खरं लिहिता आलं. बाबांच्या चपलांचा आवाज येतोय जिन्यात, आता ठेवते. पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच. मी शेठना सांगणार होते. रोज ठरवते, आज सांगायचं की मी विसरले नव्हते, आणि घरी कुणी आजारी नाही. रोज ते काउंटरवरून विचारतात, "मम्मी कैसी हैं?" आणि मी सांगते. काल निघताना विचारलं, तर मी म्हटलं, "ठीक हैं सेठ, आज थोडा खाया." हे "थोडा खाया" कुणी विचारलं होतं? कुणी नाही. मीच जोडलं. अकरा वर्षांत तुझी तब्येत कुणी विचारलीच नव्हती गं. उद्या सोमवार आहे. ते विचारतील. तू काय खाल्लंस ते मी आत्ताच ठरवून ठेवलंय. पेज, आणि वर थोडं लिंबाचं लोणचं.